साच्यामागचा माणूस

गिरण्यांचा इतिहास लिहिताना आपण यंत्रे, भांडवल, संप आणि मजुरीचे दर यांची नोंद करतो. त्या यंत्रामागे दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसाच्या मनाचे काय होत होते, याची नोंद मात्र फार उशिरा सुरू झाली. कामाच्या ठिकाणचा ताण, कामातील समाधान आणि माणसाची सर्जनशीलता हे विषय आज व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत शिकवले जातात. त्यांचा उगम शोधू लागलो, तर आपण एका टेलिफोनच्या कारखान्यात, कोळशाच्या खाणीत आणि अहमदाबादच्या साचाखात्यात जाऊन पोहोचतो. या शोधाचे काही टप्पे वाचकांपुढे ठेवावेत, असा आमचा मानस आहे. त्यातील अहमदाबादचा टप्पा तेव्हाच्या मुंबई राज्यातील असल्याने तो आपल्याला विशेष जवळचा आहे.

आरंभ अमेरिकेत झाला. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. दिव्यांचा उजेड वाढवला तर उत्पादन वाढते काय, हे पाहण्यासाठी तेथे १९२४ साली प्रयोग सुरू झाले. पुढे १९२७ पासून टेलिफोनचे भाग जोडणाऱ्या काही तरुणींना स्वतंत्र खोलीत बसवून त्यांच्या विश्रांतीच्या वेळा व कामाचे तास बदलून पाहण्यात आले. हार्वर्डचे एल्टन मेयो यांनी या प्रयोगांना जगभर प्रसिद्धी मिळवून दिली. आपल्याकडे कोणी लक्ष देते आहे एवढ्या जाणिवेनेच माणूस अधिक काम करतो, अशी एक आख्यायिका त्यातून रूढ झाली. पुढील संशोधकांनी जुनी टिपणे पुन्हा तपासली, तेव्हा ही आख्यायिका बरीच डळमळीत ठरली. त्या खोलीतील दोघींना १९२८ च्या जानेवारीत काढून टाकून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या होत्या. त्या फार बोलतात आणि पुरेसे सहकार्य करीत नाहीत, अशी त्यांच्याविषयी तक्रार होती. कामगारांच्या समाधानाचा जगप्रसिद्ध प्रयोग बोलक्या मुलींना बाहेर काढून पुढे गेला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. तरीही हॉथॉर्नने एक चांगली प्रथा घालून दिली. तेथे हजारो कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या, आणि त्यांचे म्हणणे मधे न तोडता ऐकून घ्यावे, हा धडा मिळाला.

दुसरा टप्पा इंग्लंडमधील खाणींचा. १९४७ च्या आरंभी तेथील कोळसा खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या. नवी यंत्रे आली होती, मालक बदलले होते, तरी गैरहजेरी आणि असंतोष हटत नव्हता. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे एरिक ट्रिस्ट आणि एके काळी स्वतः खाणकामगार असलेले केन बॅमफोर्थ यांनी याचे कारण शोधले आणि १९५१ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. जुन्या पद्धतीत दोघे-तिघे सोबती मिळून कोळसा फोडण्यापासून तो भरण्यापर्यंतचे सर्व काम करीत. सोबती कोण, हे ते स्वतःच ठरवीत. भुयारात धोका दिसला तर कामाचा वेग तेच कमी करीत. एखादा सोबती जखमी झाला किंवा मरण पावला, तर त्याच्या कुटुंबाची काळजी बाकीच्यांनी घ्यावी, असाही रिवाज होता. यंत्रे आल्यावर हेच काम तीन पाळ्यांत तोडण्यात आले. एका पाळीने कोळसा कापायचा, दुसरीने यंत्रे पुढे सरकवायची, तिसरीने कोळसा भरायचा. एका पाळीची चूक पुढच्या पाळीच्या माथी येई. पण पाळ्या एकमेकींना भेटतच नसत. परिणामी दोषारोप वाढले, आजारपण वाढले आणि मने कडवट झाली. या संशोधकांचा आक्षेप यंत्रांवर नव्हता. यंत्राभोवती माणसांची मांडणी दुसऱ्या प्रकारेही करता येते, हे त्यांना दाखवायचे होते. आणि दक्षिण यॉर्कशरमधील एका खाणीत कामगारांनी स्वतःच तशी मांडणी केलेली त्यांना आढळली होती.

हाच विचार घेऊन टॅव्हिस्टॉकचे ए. के. राइस १९५३ साली अहमदाबादला आले. गौतम साराभाई तेव्हा कॅलिको मिलचे प्रमुख होते. गिरणीत नवे स्वयंचलित साचे बसवले होते. पण उत्पादन अपेक्षेइतके येत नव्हते आणि खराब कापडाचे प्रमाण मोठे होते. राइस यांनी पाहिले, की एका खात्यात २९ कामगार १२ निरनिराळ्या कामांत विभागलेले आहेत. विणकराकडे चोवीस ते बत्तीस साचे, कांड्या भरणाऱ्याकडे चाळीस ते पन्नास, आणि तुटलेले धागे जोडणाऱ्याकडे त्याहूनही अधिक. त्याशिवाय तेलवाला, झाडूवाला, दुरुस्ती करणारा असे प्रत्येकाचे काम वेगळे. हिशेब कागदावर चोख होता. प्रत्यक्षात मात्र कोणत्याही साच्याची जबाबदारी कोणा एका गटावर नव्हती. धागा तुटला की विणकराने ज्याला हाक मारायची, तो दुसऱ्याच विणकराच्या साच्यांवर गुंतलेला असे. साचा थांबला की दोष कोणाचा, हे ठरवता येत नसे. आणि जेथे दोष कोणाचाच नसतो, तेथे संशय सर्वांवर येतो.

राइस यांनी सुचवले, की साच्यांचे गट पाडावेत आणि प्रत्येक गटाची पूर्ण जबाबदारी कामगारांच्या एकेका लहान टोळीवर सोपवावी. ही कल्पना कामगारांपर्यंत पोहोचली आणि जे घडले ते राइस यांनाही अनपेक्षित होते. कामगारांनी तिचा तत्काळ स्वीकार केला आणि आपापसांत निवड करून टोळ्या बनवल्या. कोणी कोणाबरोबर काम करायचे, हे वरून ठरवावे लागले नाही. टोळीतील माणसे एकमेकांच्या मदतीला धावू लागली, अडल्यावेळी दुसऱ्याचे काम करू लागली. काही महिन्यांत खात्याची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली आणि खराब कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. राइस यांनी १९५८ साली या प्रयोगावर ग्रंथ लिहिला आणि अहमदाबादचे नाव जगातील उद्योगशास्त्रज्ञांच्या तोंडी झाले.

आम्हांस या कथेचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा वाटतो. राइस यांचे सहकारी एरिक मिलर १९७० साली पुन्हा अहमदाबादला गेले. एका साचाखात्यात टोळीची ती पद्धत जवळजवळ जशीच्या तशी टिकून होती आणि कामही चांगले चालले होते. इतर ठिकाणी ती हळूहळू विरत गेली होती. कामगाराला दिलेला अधिकार कोणी जाहीर हुकूम काढून काढून घेतला नव्हता. रोजच्या घाईत वरच्यांनी टोळीच्या कामात हात घालत जाणे, एवढे त्याला पुरेसे झाले. चांगली पद्धत एकदा सुरू केली म्हणजे आपोआप टिकते, असे मानणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे ध्यानात ठेवावे.

या सर्व निरीक्षणांना शरीरशास्त्राचा भक्कम आधार पुढे ब्रिटनमधील सरकारी कचेऱ्यांतून मिळाला. मायकल मार्मट यांचे नाव ज्या अभ्यासांशी जोडले गेले, त्यांतला पहिला १९६७ साली सुरू झाला. समजूत अशी होती, की हृदयविकार हा जबाबदारीखाली वाकलेल्या साहेबांचा रोग आहे. आढळले ते उलटे. खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक होते, आणि धूम्रपानासारख्या सवयींतून त्याचा काही अंशच उलगडत होता. १९८५ पासून दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचा जो दुसरा अभ्यास झाला, त्याने कारणावर बोट ठेवले. आपल्या कामाविषयी आपले काही चालत नाही, अशी स्थिती हृदयाला घातक ठरते. अमेरिकेत रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली हेच सूत्ररूपाने मांडले होते. काम पुष्कळ असणे एवढ्याने माणूस खचत नाही. काम पुष्कळ आणि ठरवण्याचा अधिकार शून्य, या जोडीने तो खचतो.

सर्जनशीलतेची कथाही याच वाटेने जाते. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी ७२ लेखकांवर केलेला प्रयोग १९८५ साली प्रसिद्ध केला. सर्वांनी दोन छोट्या कविता लिहिल्या. मधल्या वेळात काहींना लेखनातून मिळणाऱ्या पैशाचा, कीर्तीचा विचार करायला लावले, तर काहींना लेखनाच्या आनंदाचा. पैसा आणि कीर्ती मनात घोळवणाऱ्यांच्या दुसऱ्या कविता परीक्षक कवींना सरस फिक्या वाटल्या. अवघ्या काही मिनिटांच्या विचाराने एवढा फरक पडतो, तर वर्षानुवर्षे केवळ बढती आणि बक्षिसाच्या तराजूत तोलल्या गेलेल्या मनाचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामामुळे येणाऱ्या थकव्याची आपल्या रोगवर्गीकरणात नोंद घेतली, पण त्याला रोग म्हटले नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी ती स्थिती आहे, असे सांगितले. म्हणजे त्याचा उपाय केवळ थकलेल्या माणसाच्या मनात शोधून चालणार नाही. तो कामाच्या रचनेतही शोधावा लागेल. आज आपल्या कुटुंबांतील मुलेमुली रात्रपाळीच्या कार्यालयांत, रुग्णालयांत, शाळांत, परदेशी जहाजांवर राबत आहेत. ती घरी येतात तेव्हा आपण पगार विचारतो, बढती विचारतो. कामात तुझे काही चालते का, अडचणीत हाक मारावी असा सोबती तेथे आहे का, हेही विचारावयास हवे. आणि आपल्यापैकी ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात, मग ते दुकान असो, संस्था असो वा स्वयंपाकघर, त्यांनी आपल्या माणसांच्या कामातील एखादा तरी निर्णय त्यांच्यावर सोपवून पाहावा. नंतर मात्र घाईच्या दिवशी तो परत मागू नये.