नांगर : शेतातला आणि समुद्रातला

हरसूलच्या शेतकऱ्यास नांगर कोठे आहे असे विचारले, तर तो गोठ्याकडे बोट दाखवील. तोच प्रश्न अर्नाळ्याच्या कोळ्यास केला, तर तो होडीच्या नाळेकडे पाहील. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून वैतरणा ज्या समुद्रास मिळते, तेथवर हा एकच शब्द पोचतो, पण अर्थ मात्र पालटून. संस्कृतात लांगल म्हणजे जमीन नांगरण्याचे अवजार, फारसीत लंगर म्हणजे जहाज थोपविण्याचे साधन. यांचे नाते काय, हा वाद भाषापंडितांनी खुशाल घालावा. दोन्ही वस्तूंचे काम भूमीत रुतणे हेच होय.

हे समजण्यास माणसास बराच काळ लागला. सिंधुदुर्ग व विजयदुर्ग यांच्या आसपासच्या समुद्रतळी संशोधकांस जे दगडी नांगर सापडले, त्यांतील काही लांबट, निमुळते आहेत. वरच्या टोकास दोरासाठी एक भोक. खालच्या बाजूस दोन चौकोनी भोके, त्यांतून लाकडी दांडे आरपार घालावयाचे. नुसत्या वजनावर भिस्त असती, तर या दांड्यांचे प्रयोजनच उरले नसते.

तरीही नांगर घेताना आजही पुष्कळांची नजर वजनावरच खिळते, आणि काटकसर होते ती दोरात. वस्तुतः घात तेथेच होतो. दोर आखूड असला की लाट होडीला उचलते, होडी नांगराला उचलते, आणि रुतलेले टोक उपटून निघते. म्हणून दहा हात पाण्यात पन्नास ते सत्तर हात दोर सोडावा, म्हणजे ओढ आडवी बसते व टोक अधिकच रुतते. पूर्वी हा दोर काथ्याचा असे. चौदाव्या शतकात इब्न बतूताने मालदीवचा काथ्या हिंदुस्थानात व येमेनात जात असल्याचे लिहिले आहे. तो खाऱ्या पाण्यात सहसा कुजत नाही व ताण बसला असता थोडा लांबतो. हेच गुण नायलॉनात अधिक आहेत; शिवाय तो पाण्यात बुडतो.

तळ खडकाळ असेल तर अनेक आकड्यांचा लोखंडी नांगर बरा. पण तो अडकून बसण्याचे भय असते. वाळू व चिखल यांसाठी इंग्रज शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी 1933 साली, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांकरिता, एक नवा नांगर काढला. त्याचा आकार हुबेहूब नांगराच्या फाळासारखा! हरसूलच्या शेतकऱ्यास तो दाखविला, तर बैल कोठे जुंपावयाचे एवढेच तो विचारील. मात्र फाळ आणि दोर यांच्यामध्ये काही हात साखळी हवीच. तिच्या भाराने ओढ खाली राहते, आणि तळचे दगड दोराऐवजी तिला घासतात.