ताण आणि मेंदूची घडण

भीतीने पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात. हा अनुभव मानवजातीइतकाच जुना आहे. त्याचा प्रयोगशाळेतील शोध मात्र विसाव्या शतकातला. कुत्र्याच्या भुंकण्याने भेदरलेल्या मांजराच्या रक्तात अधिवृक्क ग्रंथींचा स्राव उतरतो, असे हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी दाखविले. संकटात शरीर लढण्यास अथवा पळण्यास सिद्ध होते, हा विचार त्यांनी १९१५ साली ग्रंथरूपाने मांडला.

१९३६ साली मॉन्ट्रियल येथे हान्स सेली यांना दिसले, की थंडी, जखम, अतिश्रम वा विष, कारण कोणतेही असो, उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी सारख्याच वाढतात आणि जठरात व्रण पडतात. परंतु या ग्रंथींना आज्ञा कोण देतो? मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पीयूषिका ग्रंथीला रासायनिक संदेश धाडतो आणि ती पुढे अधिवृक्क ग्रंथींना जागे करते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांनी १९५५ च्या आपल्या ग्रंथात मेंदूच्या या सत्तेची मांडणी केली.

येथवर मेंदू हा राजा आणि शरीर ही प्रजा, असेच चित्र होते. १९६८ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन यांनी ते पालटले. अधिवृक्क ग्रंथींचे संप्रेरक रक्तातून मेंदूत परतते आणि हिप्पोकँपस या स्मरणाशी निगडित भागात साठून राहते, असे त्यांना उंदरांत आढळले. दीर्घकाळच्या ताणाने तेथील चेतापेशींच्या शाखा खुरटतात, हेही १९९२ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेने दाखविले. आज्ञा देणारा मेंदू त्या आज्ञेच्या परिणामातून स्वतः सुटत नव्हता.

या कथेतील एक महत्त्वाचे प्रकरण बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात लिहिले गेले. सुमंत्र चॅटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास, जखडून ठेवले. हिप्पोकँपसमधील शाखा खुरटल्या. पण भीतीशी संबंधित अमिग्डला या भागात त्या उलट फोफावल्या. हे २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर उंदरांना एकवीस दिवसांची विश्रांती दिली, तेव्हा हिप्पोकँपस पूर्ववत झाला. अमिग्डलातील वाढ मात्र तशीच राहिली आणि उंदरांचा भित्रेपणाही ओसरला नाही. हा निष्कर्ष २००४ सालचा.

उंदरावरून माणसाचे अनुमान सावधपणेच काढावे लागते. तरीही संकट टळल्यावर भय का टळत नाही, या जुन्या प्रश्नाचा एक धागा या प्रयोगांनी हाती दिला आहे. भ्यालेल्याला ‘आता विसरून जा’ एवढेच सांगणे पुरेसे नसते. कारण ताण सरला, तरी मेंदूच्या घडणीत त्याची खूण उरलेली असू शकते.