दाहार मास्टर आणि खोडलेलं नाव

आमच्याकडे सोयरीक जुळवताना मुलाच्या शिक्षणाआधी खानदान विचारतात. एक दूरदर्शन मालिका पाहताना मला हे आठवलं, आणि तीही परग्रहावरच्या लोकांची!

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ साली सुरू झाली. तिच्यात क्लिंगॉन नावाची लढवय्या जमात आहे. तिची भाषा मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने रचली आणि १९८५ मध्ये तिचा शब्दकोशही छापून आला. उर्दू-मराठीच्या शिक्षकाला याचं कौतुक वाटणारच! त्यांची 'बॅटलेथ' ही दोन्ही हातांनी धरायची वक्र तलवार डॅन करी यांनी घडवली. ती पडद्यावर पहिल्यांदा १९९० मध्ये आली.

या जमातीत थोर योद्ध्याला 'दाहार मास्टर' म्हणतात. साधारण आपल्या 'उस्ताद'सारखा किताब, पण रणांगणावरचा. मी पाहिलेल्या भागांत त्याची परीक्षा नाही, सनद नाही. लोक मानतात म्हणून तो किताब आहे. हा किताब मिरवणारा सर्वांत परिचित योद्धा म्हणजे कोर. १९६७ मध्ये जॉन कोलिकोस यांनी ही भूमिका केली, आणि १९९४ मध्ये तेच कोलिकोस म्हाताऱ्या कोरच्या रूपात परत आले. पुढच्या वर्षीच्या एका भागात कोर आणि वॉर्फ यांना आद्य सम्राट काहलेसची तलवार सापडते. दोघांनाही वाटू लागतं की ती आपल्याच हाती शोभेल. शेवटी ते तिला अंतराळात सोडून देतात.

खरी गोष्ट १९९८ च्या भागात आहे. कोर आता थकलाय, विसराळू झालाय. एका शेवटच्या लढाईसाठी तो वॉर्फकडे शब्द टाकतो आणि सेनापती मार्टोकच्या जहाजावर रुजू होतो. मार्टोक मात्र त्याच्या नावानेच पेटतो. तरुणपणी त्याने अधिकारी होण्यासाठी अर्ज केला होता आणि कोरने त्याचं नाव यादीतून खोडलं होतं. तलवार चालवता येत नव्हती म्हणून नव्हे, तर घराणं साधं म्हणून. मग मार्टोकने जहाजावर मजुरी केली आणि पुढे लढाईत शौर्य गाजवून पद मिळवलं. आणि कोरला? त्याला तो प्रसंग आठवतही नाही. मला हे सर्वांत जास्त लागलं. खोडणाऱ्याला ती एक रेघ असते, इतकंच.

लढाई ऐन रंगात असताना कोरचं भान सुटतं, तो जुन्याच शत्रूशी लढू लागतो. पुढे सगळे त्याची खिल्ली उडवतात. मार्टोकही हसतो, पण नंतर कबूल करतो की जवळपास तीस वर्षं ज्याचा द्वेष केला, त्याची ही गत पाहून आनंद झाला नाही. लेखकांनी इथे सूडाची मजा दिली नाही, हे मला आवडलं.

शेवटी कोर एक जहाज घेऊन शत्रूच्या दहा जहाजांना अडवायला जातो आणि बाकीचे वाचतात. खलाशी त्याच्या नावाने गाणं गातात. ते गाणं दाहार मास्टरसाठी होतं. मार्टोकचे वडील मात्र मुलगा अधिकारी झालेला न पाहताच गेले होते.