पडले का?

लातूर-नांदेडकडच्या खेड्यांत सरकारी पैसे मिळत नाहीत, ते पडतात. पावसासारखे. पारावर, पिठाच्या गिरणीत, एसटीच्या थांब्यावर माणसं एकमेकांना विचारतात, "पडले का?" कशाचे, ते सांगावं लागत नाही. अतिवृष्टीचं अनुदान असेल, पीएम किसानचे दोन हजार असतील, नाहीतर निराधारचा पगार. ज्याचे पडले तो मिनी बँकेच्या यंत्रावर अंगठा टेकवतो. ज्याचे नाहीत तो आधारची झेरॉक्स घेऊन पुन्हा तालुक्याची एसटी धरतो.

पन्नास वर्षांपूर्वी हाच अंगठा मस्टरवर उठत होता. त्याआधी सरकारी मदत म्हटलं की बहुतेकदा तगाई, आणि तगाई म्हणजे कर्ज. ती वसूल व्हायची. १९७२ च्या दुष्काळाने मदतीला मोठ्या प्रमाणावर कामाशी जोडलं. खडी फोडणं, नालाबंडिंग, पाझर तलाव, आणि पोटाला सुखडी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९७७ मध्ये कायदा झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्या व्यवस्थेत खोटी मस्टरं निघाली, पगार रखडले, सगळं झालं. पण हजेरी लावायला सातबारा लागत नव्हता. भूमिहीन मजूर, टाकलेली बाई, विधवा, सगळ्यांचं नाव एकाच कागदावर चढायचं.

ज्यांच्या अंगात खडी फोडण्याची ताकद नव्हती त्यांच्यासाठी बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० मध्ये, संजय गांधी निराधार योजना आली. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांनी तिला लगेच 'पगार' म्हणायला सुरुवात केली. अनुदान या शब्दात उपकाराचा वास येतो. पगार हक्काचा असतो. २०२३ मध्ये तो महिना दीड हजार झाला.

मग किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. औसा आणि उमरगा तालुक्यांतली घरं जाड दगडी भिंतींची, मातीत रचलेली, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं हेच माळवद त्या पहाटे माणसांवर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन उभं राहिलं आणि त्यात, फारसा गाजावाजा न होता, सरकारने दोन वेगळ्या रीती शेजारी-शेजारी वापरून पाहिल्या.

पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं उचलून दुसरीकडे नेली. घरं ठेकेदारांनी किंवा देणगीदार संस्थांनी बांधली आणि किल्ली घरमालकाच्या हाती ठेवली. घर किती मोठं हे जमिनीवर ठरलं: भूमिहीनाला सर्वांत लहान, मोठ्या खातेदाराला सर्वांत मोठं. रस्ते सरळ आखलेले, चौक रुंद. गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, हे मात्र नकाशात बसलं नाही.

दुसरी रीत भेगा पडलेल्या, अर्धवट ढासळलेल्या घरांसाठी होती, आणि अशी घरं दोन लाखांच्या आसपास होती. तिथे घर न देता मदत दिली, साधारण १७ ते ३४ हजारांची, टप्प्याटप्प्याने. जोतं झालं, अभियंत्याने पाहिलं, पुढचा हप्ता. भिंत, कोपऱ्यांची मजबुती, पुन्हा हप्ता. ज्यांनी उभ्या जन्मात बँकेचा उंबरा ओलांडला नव्हता त्यांची खाती निघाली. गवंडी कोण, वाळू कुठली, जुना दगड वापरायचा की नाही, हे घरचेच ठरवू लागले. (दगडाची धास्ती इतकी बसली होती की बऱ्याच जणांना पत्र्याखाली झोपणंच सुरक्षित वाटे.) हप्ता का अडला, सिमेंट कमी का पडलं, हे विचारायला गावोगाव बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारातून 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने हजारावर गावांत हे काम बांधलं. कालपर्यंत चावडीसमोरून पदर ओढून जाणारी बाई अभियंत्याला जोत्याची खोली विचारू लागली. पैसा थेट दिला तर उधळला जातो, असं म्हणणाऱ्यांनी या गावांतून एक फेरी मारायला हरकत नाही.

पण सरकारचा हा विश्वास सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये ठरले. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. ही वाटणी विधवेवरचा अविश्वास म्हणून वाचता येते. तेराव्याच्या आतच सावकार आणि दीर दोघेही दारात उभे राहतात, हे ठाऊक असलेल्या कुणीतरी ती लिहिली, असंही म्हणता येतं. बहुधा दोन्ही खरं आहे. पैसे मिळण्याआधी बैठकीत पात्र की अपात्र हे ठरतं. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, तगादा दिसायला हवा. ठोक्याने जमीन करणारा आणि खासगीत हातउसने घेणारा या चाळणीतून खाली पडतो. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या अशा ५०५ विधवांशी बोलून पाहिलं, तेव्हा निराधार पेन्शन मंजूर झालेल्या जेमतेम एक तृतीयांश निघाल्या. एक लाखाचा आकडा तर पुढची दोन दशकं जागचा हलला नाही.

तो किती तोकडा आहे हे नांदेडला शेजाऱ्यामुळे कळलं. १० मे २०१८ ला तेलंगणाने रयतू बंधू सुरू केली: एकरी चार हजार, दर हंगामाला, पेरणीच्या तोंडावर. त्याच वर्षी शेतकरी कशानेही गेला तरी पाच लाखांचा विमा आला. तिथे पात्र-अपात्रची बैठकच नाही. धर्माबाद, बिलोली, देगलूर भागात सोयरिकी सीमेपलीकडे आहेत, बाजार तिकडचा आहे, तेलुगू घरात बोलली जाते. लग्नात पंगतीला बसलेला पलीकडचा जावई किती पडले ते सांगायचा आणि सासरा ऐकून घ्यायचा. धर्माबाद तालुक्यातल्या गावांनी आम्हाला तेलंगणात घाला अशी मागणी केली, ती एकरी हिशेबाने. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी महाराष्ट्रातली पहिली सभा नांदेडलाच घेतली ती उगीच नव्हे. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही पीएम किसानच्या सहा हजारांवर आपले सहा हजार घातले. पलीकडची योजनासुद्धा निर्दोष नव्हती: पैसा जमिनीच्या मापाने जायचा, म्हणून बड्या खातेदाराचं भलं जास्त आणि कुळाला काहीच नाही. सातबारा दोन्हीकडे आडवा येतो.

जुलै २०२४ पासूनच्या लाडकी बहीण योजनेला सातबारा लागत नाही. त्या ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे तीन हजार एकदम पडले, आणि अनेकींच्या खात्यात त्यांच्या स्वतःच्या नावाने आलेली ती पहिली रक्कम होती. किराणा दुकानाची उधारी, पोरांची वह्या-पुस्तकं, सोयाबीनच्या फवारणीचं औषध, असे ते गेले. निवडणुका तोंडावर होत्या, हे कुणापासून लपलेलं नव्हतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये, मराठवाड्यात अतिवृष्टीने सोयाबीन पाण्याखाली असताना, याच योजनेची ई-केवायसी सुरू झाली. फोनच्या पडद्यावर बाईचा आधार क्रमांक भरला की पुढची चौकट यायची: पतीचा किंवा वडिलांचा आधार. दोघेही हयात नसलेल्या बाया तिथेच थांबल्या. तक्रारी वाढल्या तेव्हा मुदत डिसेंबरअखेरपर्यंत गेली आणि वाट निघाली ती अशी की त्यांनी मृत्यूचा दाखला जोडावा. एक लाखाच्या प्रस्तावाला जोडलेला तोच दाखला ट्रंकेतून पुन्हा बाहेर निघाला, घडीवर विरलेला, आणि पुन्हा एकदा झेरॉक्सच्या दुकानात गेला.