जात्याची घरघर आणि मुद्रणाची मापे

वर्धा जिल्ह्यात जात्यावरच्या ओव्या किंवा भुलाबाईची गाणी ध्वनिमुद्रित करायला निघालेल्या माणसाला रेकॉर्डरवर आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: सॅम्पलिंग रेट, बिट डेप्थ आणि चॅनल. तिन्ही जागा खातात, पण तिन्हींचे मोल सारखे नाही.

सॅम्पलिंग रेट म्हणजे सेकंदाला ध्वनी किती वेळा मोजला तो आकडा. त्याच्या निम्म्यापर्यंतच्याच कंपनांची नोंद होते. ४८ किलोहर्ट्झला ही मर्यादा २४ किलोहर्ट्झ येते आणि माणसाचा कान २० च्या पलीकडे ऐकत नाही. तेव्हा ओवीसाठी ९६ निवडणे ही निव्वळ उधळपट्टी.

बिट डेप्थ म्हणजे प्रत्येक मोजणी किती बिटांत लिहिली तो आकडा. त्याचा हिशोब वेगळा. एका बिटमागे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातला सुमारे ६ डेसिबलचा पल्ला मिळतो. १६ बिटला ९६, तर २४ ला १४४. ओसरीवर एवढी शांतता कधीच नसते, हे खरे. तरीही २४ च घ्यावे, कारण मग मुद्रणाची पातळी निर्धास्त खाली ठेवता येते. पुटपुटत सुरुवात करणारी आजी दुसऱ्याच ओवीला आवाज चढवते. पातळी आधीच वर असली की तो चढ छाटला जातो.

एकट्या बाईच्या ओवीला एकच चॅनल पुरे. टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणाऱ्या मुली किंवा सेवाग्राम आश्रमातली सर्वधर्म प्रार्थना असेल, तर दोन हवेत.

आता जागा मोजू. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एक चॅनल: तासाला सुमारे ५१८ एमबी. शंभर तास ५२ जीबीत बसतात. ९६ किलोहर्ट्झ आणि दोन चॅनल घेतले, तर तेच काम २०७ जीबी मागते. काटकसर करायची ती इथे.

१२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये तासाला ५८ एमबीच लागतात, म्हणून मोह होतो. पण मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक ध्वनी कानाला कळणार नाही, असे धरून एमपी३ तो टाकून देते. जात्यावरच्या गाण्यात नेमका तोच घोळ आहे. उद्या कुणी अभ्यासक घरघर गाळून शब्द मोकळे करू पाहील, तेव्हा घरघरीखालचा तो ध्वनी फाइलमध्ये नसेलच. एमपी३ चे पुन्हा वेव्ह (ध्वनी न दाबता ठेवणारी फाइल) केल्याने फक्त आकार वाढतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या संग्रहातल्या ओव्या आज ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात; अशा कामात मूळ मुद्रण जपलेले असणे फार महत्त्वाचे.

म्हणून मुद्रण वेव्हमध्ये करावे, साठवण फ्लॅकमध्ये. फ्लॅक एकही नमुना न गमावता फाइल पुष्कळदा निम्म्याच्या आसपास आणते. व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपी३ ची वेगळी प्रत काढावी.

जुन्या कॅसेटींना मात्र ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट द्यावे. टेप दर वेळी वाजवताना झिजते, दुसरी संधी मिळेलच असे नाही.