मध्यरात्रीपर्यंतचा खटला

28 डिसेंबर 2001, शुक्रवार. तुम्ही ओसाकात आहात. जपानी सरकारी कचेऱ्यांचा वर्षातला हा शेवटचा कामाचा दिवस, उद्यापासून 3 जानेवारीपर्यंत सगळं बंद. बाहेर बोचरी थंडी आहे आणि तुम्ही कमरेपर्यंत कोतात्सूत शिरला आहात. कोतात्सू म्हणजे रजई लावलेलं बैठं टेबल, आत हीटर. एकदा पाय आत गेले की उठावंसं वाटत नाही. समोर सोललेली संत्री, हातात गेम बॉय अ‍ॅडव्हान्स. हे यंत्र मार्चमध्ये 9,800 येनला बाजारात आलं. त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही, त्यामुळे दिव्याखाली मान वाकडी करून बसावं लागतं. जरा हललात की आरोपी अंधारात जातो.

यंत्रात खोचलेली कार्ट्रिज कॅपकॉमची आहे, 12 ऑक्टोबरला आलेली. ‘ग्याकुतेन साइबान’. तुम्ही नारुहोदो आहात, निळ्या सुटातला नवखा बचाव वकील. हा चौथा आणि शेवटचा खटला. पहिल्या तिन्हींबद्दल फार बोलण्यासारखं नाही, ते तुमचा हात तयार करून घेण्यासाठी आहेत. साक्षीदार जबानी देतो. तुम्ही ती एकेका वाक्याने पुढे सरकवता, एका बटणाने त्याला खोदून विचारता, दुसऱ्याने त्याच्या तोंडावर पुरावा आपटता. चुकलात की पडद्यावरचं एक उद्गारचिन्ह जातं. अशी पाच आहेत. पाचही गेली की तुमचं अशील दोषी.

या वेळचं अशील म्हणजे मित्सुरुगी. आतापर्यंत समोरच्या बाजूने तुम्हाला घाम फोडणारा सरकारी वकील आज आरोपी आहे, आणि त्याच्या विरोधात त्याचाच गुरू उभा आहे: कारुमा, चाळीस वर्षांत एकही खटला न हरलेला.

खेळातली तारीखही 28 डिसेंबरच, पण साल 2016. तुम्ही 2001 मध्ये बसून पंधरा वर्षं पुढचा खटला लढवताय. त्याचं मूळ असलेला जुना खून खेळाच्या हिशेबाने 28 डिसेंबर 2001 ला झाला, म्हणजे आज, तुम्ही संत्री सोलत असताना. न्यायालयाच्या इमारतीत भूकंपाने लिफ्ट अडकली. आत मित्सुरुगीचे वकील वडील, नऊ वर्षांचा मित्सुरुगी आणि एक न्यायालयीन कर्मचारी. हवा संपत आली, झटापट झाली, पोराने हाताला लागलेलं पिस्तूल भिरकावलं. गोळी सुटली, कुणीतरी किंचाळलं, आणि दार उघडलं तेव्हा वडील मेलेले. कर्मचाऱ्यावर खटला चालला, तो सुटला. खुनी सापडला नाही.

कार्ट्रिज दुकानात आली तेव्हा हा खून ‘व्हायचा’ होता. अडीच महिने आधी छापलेला भूतकाळ! ही तारीख मुद्दाम निवडली की हिशेबात अशी जुळली, ते कार्ट्रिज सांगत नाही. मला विचाराल तर ती मुद्दामच आहे.

आता समोरच्या खुनाकडे या. नाताळच्या आदल्या रात्री तळ्यावर, धुक्यात एक नाव. नावेत दोघे: मित्सुरुगी आणि नामाकुरा नावाचा वकील. गोळीचा आवाज दोनदा होतो, नामाकुरा पाण्यात पडतो, पिस्तूल मित्सुरुगीच्या हातात. काठावरच्या एका बाईच्या कॅमेऱ्यात फोटोसुद्धा आहे. ती खरं म्हणजे तळ्यातल्या राक्षसाचा फोटो काढायला तंबू ठोकून बसली होती, आणि मोठा आवाज झाला की आपोआप टिपेल असा तिचा कॅमेरा लावलेला होता. ही माहिती तुम्ही तिच्याकडून खोदून काढता तेव्हा ती नुसती गंमत वाटते. विसरू नका, लागणार आहे.

खटला हातातून गेल्यातच जमा असतो तेवढ्यात याहारी नावाचा तुमचा बालमित्र आरडाओरडा करत पिंजऱ्यात येतो. हा वेंधळा माणूस, याच्या साक्षीवर कुणी म्हैसही विकत घेणार नाही. तो म्हणतो, मी तळ्यावर होतो, कानाला रेडिओ होता, गोळीचा एकच आवाज ऐकला. कारुमा त्याला झटकून टाकतो. तुम्ही मात्र खोदत राहता. रेडिओवर त्या क्षणी काय चाललं होतं? निवेदक म्हणत होता, नाताळ आता आलाच!

थांबा. आलाच, म्हणजे अजून आला नव्हता. नावेवरच्या गोळ्या तर मध्यरात्रीनंतरच्या. मग याहारीने ऐकली ती कुठली? पिस्तुलाचा अहवाल पुन्हा उघडा. गोळ्या तीन झाडल्या आहेत. बाईचा कॅमेराही बारा वाजण्याआधी एकदा आवाजाने जागा झाला होता. म्हणजे नामाकुरा नावेत मेलाच नाही. तो आधी काठावर मेला, आणि नावेत बसला तो त्याच्या कोटातला खुनी. त्याने दोन बार काढले, पिस्तूल नावेत टाकलं आणि पाण्यात उडी मारली.

इतक्या जाड खोटेपणाला इतक्या बारीक टाचणीने भोक पाडणं, इथे खेळाचे लेखक शू ताकुमी यांचं कसब दिसतं. ‘डायनो क्रायसिस 2’ हा आधीचा खेळ संपल्यावर वरिष्ठ शिंजी मिकामींनी त्यांना सहा महिने दिले होते: हवा तो खेळ कर. सात जणांचा गट जमला. हरकत घेताना नारुहोदोचा जो आवाज घुमतो तो खुद्द ताकुमींचा. मित्सुरुगीचा आवाज पात्रांची चित्रं काढणाऱ्या तात्सुरो इवामोतोंचा. नट बोलावण्याऐवजी गटातल्यांनीच ओरडून काम भागवलं.

नावेतला खुनी म्हणजे तळ्याकाठचा नावाडी, स्मरणशक्ती गेल्याचं सोंग करणारा म्हातारा. लिफ्टमधला कर्मचारी तोच, आणि नामाकुरा हा त्याचाच जुना वकील. म्हातारा तोंड उघडत नाही, म्हणून तुम्ही त्याच्या पोपटाची उलटतपासणी घेता. हो, पोपटाची. न्यायाधीश डोळे विस्फारतात आणि परवानगी देतात. पोपट स्वतःचं नाव सांगतो, सायुरी. तेच म्हाताऱ्याच्या मेलेल्या वाग्दत्त वधूचं. तिजोरीचा आकडा सांगतो, 1228. हा प्रसंग खुळचट आहे आणि खेळातला सर्वांत करुणही. आयुष्य जिथे थांबलं ती तारीख कुलपाला लावून एक माणूस पंधरा वर्षं नावा भाड्याने देत बसला होता.

इथे खेळ जरा बाजूला ठेवा आणि दिव्यापासून मान वळवा. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून तुम्हाला एक गोष्ट माहीत आहे. आज रात्री तोक्योच्या कोसुगे तुरुंगात इवाओ हाकामादा फाशीच्या कोठडीत आहेत. माजी मुष्टियोद्धा, 1966 मध्ये मालकाच्या कुटुंबातल्या चौघांच्या खुनासाठी पकडलेले. वर्षभरानंतर मिसोच्या टाकीत रक्ताळलेले कपडे सापडले. न्यायालयात त्यांना त्यातली पँट घालायला लावली, तर ती चढेना. याहून ढळढळीत विसंगती ताकुमींनाही सुचली नसती. सरकार पक्ष म्हणाला, मिसोत भिजून कापड आटलं असेल आणि माणूस जाड झाला असेल. शिक्षा कायम राहिली. निर्दोष ठरायला 26 सप्टेंबर 2024 उजाडला, तेव्हा हाकामादा 88 वर्षांचे होते. ज्या देशात खटल्यांत दोषी ठरण्याचं प्रमाण नव्याण्णव टक्क्यांच्या वर, तिथे एका विसंगतीवर अख्खं न्यायालय फिरतं असा खेळ निघतो. त्याला पोरखेळ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

परत या, वेळ थोडा आहे. मित्सुरुगी स्वतःच उभा राहून म्हणतो, वडिलांना मी मारलं, माझ्या हातून सुटलेल्या गोळीने. जपानी कायद्यात खुनाचा खटला भरायला पंधरा वर्षांची मुदत आहे आणि ती आज रात्री बाराला संपते. आपल्याकडे खुनाला अशी मुदत नाही, म्हणून मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, पण 2001 च्या जपानात हाच कायदा आहे. जुना खून आजच उलगडला पाहिजे.

जुन्या पिस्तुलातून दोनदा गोळी झाडली गेली. सापडली एकच, मृताच्या शरीरात. दुसरी? आयुष्यात कधी रजा न घेतलेल्या कारुमाने त्या घटनेनंतर महिनोन्‌महिने रजा घेतली होती. इतोनोकोगिरी या हवालदारी थाटाच्या पोलीस तपासनीसाने तुम्हाला दिलेलं धातुशोधक यंत्र काढा आणि कारुमासमोर धरा. उजव्या खांद्याशी ते वाजतं. पोराच्या हातून सुटलेली गोळी लिफ्टच्या दारातून बाहेर उभ्या कारुमाला लागली होती. किंचाळला तो कारुमा. दार उघडल्यावर त्याने बेशुद्ध वकिलाला मारलं, आणि शस्त्रक्रिया केली तर पुरावा बाहेर येईल म्हणून गोळी तशीच जिरवली. दोन गोळ्यांवरच्या खुणा जुळवा. कारुमा कोसळतो.

बारा वाजायला अवकाश आहे. आता पुढे चला, 27 एप्रिल 2010 ला. मधे 2005 पासून नव्या खुनांची मुदत पंचवीस वर्षं झाली, जुन्यांची पंधराच राहिली. ओकायामा प्रांतात कुराशिकीला 1995 मध्ये एका वृद्ध दांपत्याचा खून झाला होता. त्याची मुदत आज रात्री संपणार आहे. आजच संसदेत खुनाची मुदत रद्द करणारा कायदा मंजूर होतो आणि वाट न पाहता आजच लागूही होतो. मुदतीला काही तास उरले असताना कुराशिकीची फाइल जिवंत राहते. ही कथा कुणी खेळात लिहिली असती तर तुम्ही म्हणाला असता, फारच ओढूनताणून जुळवलंय.

म्हणजे खऱ्या 2016 मध्ये मध्यरात्रीची ती घाई कुणालाच नसते. कारुमाला खांद्यातली गोळी जन्मभर सांभाळावी लागली असती. इंग्रजी आवृत्ती तर याहून पुढची. 2005 मध्ये ‘फिनिक्स राइट: एस अटर्नी’ या नावाने ती निन्टेन्डो डीएसवर आली आणि खटला ओसाकाच्या लेखकांनी रंगवलेल्या जपानातून लॉस एंजेलिसला गेला. कॅलिफोर्नियात खुनाला मुदतच नाही. तरी तिथलाही न्यायाधीश पंधरा वर्षांचा हिशेब करतो, आणि 2019 च्या नव्या संचातही तो तसाच आहे. बदलू नये तेच बरं. 2001 चा कायदा ज्यात अजून चालू आहे असं दुसरं न्यायालय तुम्हाला कुठे सापडणार?