खाँसाहेबांचा सूर आणि माझा स्वस्तातला टर्नटेबल

अब्बांचा इंतकाल झाल्यावर मिरजेच्या घरातली त्यांची लोखंडी ट्रंक उघडली. वर चादरी होत्या आणि खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या एकेचाळीस रेकॉर्ड्स. त्यांपैकी अकरा जुन्या, जाड, ७८ वेगाच्या. त्यांत दोन उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या होत्या. बाकी एलपी आणि काही छोट्या ४५ च्या. बिस्मिल्ला खाँ, हिराबाई बडोदेकर, काही कव्वाल आणि चार-पाच सिनेमांची गाणी. अब्बांचा मूळ प्लेयर, एचएमव्हीचा फिएस्टा, माझ्या लहानपणीच भंगारात गेला होता. म्हणजे ही सगळी मंडळी पस्तीस-चाळीस वर्षे मुकी पडून होती.

मी पुण्याला परतताना ट्रंक सोबत आणली आणि त्याच आठवड्यात सहा हजारांचा एक पेटीवजा टर्नटेबल विकत घेतला. झाकण, हँडल, आतच स्पीकर, ३३, ४५ आणि ७८ असे तिन्ही वेग. अम्मी आल्यावर तिला समोर बसवून खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लावली. अम्मीने मिनिटभर ऐकले आणि म्हणाली, "ये खाँसाब नई रे. कोई तो भी उनकी नकल करताय."

मला हसू आले. यंत्र जुनं गाणं असंच वाजवणार, असे म्हणून मी विषय संपवला. त्यानंतर तीन वर्षे मी तेच यंत्र त्याच सुईवर वाजवत राहिलो. गेल्या हिवाळ्यात झिंझोटीची तबकडी उजेडात धरली, तर मधल्या भागात काळ्या खाचांवर राखाडी छटा दिसली. तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला. या यंत्रात सुधारणा करावी, की ते बदलूनच टाकावे? दुकानदार म्हणत होता, "साहेब, दीड हजारात चांगली सुई बसवून देतो." एका मित्राचा सल्ला होता की ते खेळणे आहे, फेकून दे. दोघांचेही मला पटत नव्हते, कारण दोघेही यंत्राबद्दल बोलत होते आणि माझा जीव तबकडीत अडकला होता. म्हणून उत्तर शोधायला मी इतिहासाकडे वळलो.

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाची सुरुवात १९०२ साली झाली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कोलकात्याला आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जात. पुढे काही वर्षांतच कोलकात्यात कारखाना उभा राहिला. गंमत अशी की, ७८ च्या तबकडीतला मुख्य चिकट पदार्थ म्हणजे लाख, आणि ती बहुतांशी हिंदुस्थानच्याच जंगलांतून जगभर जात असे. लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे. त्यामागे कारण होते. हाताने चावी देण्याच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून जड, त्याला पोलादी पिन. तबकडीने पिन झिजवून आपल्या खाचेच्या मापाची करून घ्यावी, अशी ती योजना. म्हणून एक बाजू वाजली की पिन टाकून द्यायची. स्वस्त पिन झिजायची आणि महाग तबकडी टिकायची. यंत्र आणि रेकॉर्ड यांच्यातला तो पहिला करार म्हणता येईल.

१९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी बाजारात आणली आणि हा करार बदलला. लाखेच्या जागी मऊ विनाइल आले, वेग ३३⅓ झाला आणि खाच अतिशय बारीक झाली. ७८ च्या खाचेला साधारण ७५ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या तेराव्या भागाएवढ्या टोकाची सुई लागते. एलपीला लागते अठरा मायक्रॉनच्या आसपासची. चौपट फरक. त्यामुळे त्या काळातल्या अनेक प्लेयरच्या कार्ट्रिजला एक छोटी कळ असे. ती उलटी फिरवली की ७८ ची सुई खाली येई, पुन्हा फिरवली की एलपीची. घरोघरी माणसे ती कळ न विसरता फिरवत. माझ्या नव्या पेटीवर ७८ चा वेग होता, पण सुई एकच होती, एलपीची. म्हणजे तीन वर्षे मी खाँसाहेबांच्या रुंद खाचेत एक बारीक सुई तळाला घासत नेत होतो. ती भिंतींना नीट टेकत नव्हती, तळाची धूळ आणि खरखर तेवढी उचलत होती. अम्मीचे कान बरोबर होते.

दुसरी चूक सुईच्या खड्याची. स्वस्त प्लेयरमध्ये बहुधा कृत्रिम नीलमण्याचे टोक असते. ते चाळीस-पन्नास तासांत झिजते. हिऱ्याचे टोक शेकडो तास टिकते. झिजलेल्या टोकाला धार येते आणि मग करार उलटा होतो. आता सुई तबकडीला झिजवते. त्यात अशा पेट्यांच्या सिरॅमिक कार्ट्रिजचे वजन पाच-सहा ग्रॅम पडते. बऱ्या चुंबकीय कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास पुरते.

इथवर दुकानदाराचे म्हणणे बरोबर वाटत होते. सुईचा दोष असेल तर सुई बदलावी, यंत्र का टाकावे? पण खाँसाहेबांच्या बाबतीत अजून एक गोष्ट मोजायची राहिली होती, ती म्हणजे सूर.

अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचे. पण त्यांची कर्मभूमी आपला मुलूख. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ही त्यांची मुले. मिरजेत ते स्थायिक झाले. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिणेच्या प्रवासात सिंगपेरुमाळकोइल स्टेशनवर त्यांनी शेवटचा श्वास घेतला, तेव्हा त्यांना दफनासाठी मिरजेलाच आणले गेले. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथे आजही गायक-वादक हजेरी लावतात.

याच खाँसाहेबांनी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांच्या श्रुतींच्या अभ्यासाला आपला गळा दिला होता. सप्तकातल्या बावीस श्रुती मोजून दाखवता येतात का, हा तो शोध. एक ब्राह्मण पेन्शनर, एक इंग्रज न्यायाधीश आणि एक मुसलमान गवई एका सुराच्या मापासाठी एकत्र बसले होते, हे आज मुद्दाम आठवावे असे आहे. त्या हिशेबात सर्वांत लहान श्रुतीचे अंतर ८१ ला ८० या प्रमाणाचे, म्हणजे सव्वा टक्क्याचे येते. आता टर्नटेबल सव्वा टक्का वेगाने फिरला, तर अख्खे गाणे एका श्रुतीने वर जाते. तीन टक्के चुकला तर पाव स्वराने.

माझा टर्नटेबल किती चुकतो, हे मी घरीच तपासले. तुम्हीही तपासू शकता. ३३⅓ वेगाने तबकडी तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे घेते. कडेला कागदाचा कपटा चिकटवला, घड्याळ लावले आणि मोजले. एकशे तीन आले. पूर्वी यासाठी रेषांच्या कागदी चकत्या मिळत. आपल्या पन्नास सायकलच्या विजेवर साधा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. त्या उजेडात १८० रेषांची चकती स्थिर दिसली की वेग ३३⅓, आणि ७७ रेषांची स्थिर दिसली की ७८ च्या जवळचा, नेमका ७७.९२.

पेटीच्या खाली मोटरच्या वेगाचा एक स्क्रू होता. मेकॅनिकने तो फिरवून दिला आणि फेरे शंभर आले. मला वाटले, प्रश्न मिटला. मग हिराबाईंची एलपी लावली आणि फोनवरचे स्वरमापक मागच्या तंबोऱ्यासमोर धरले. तंबोऱ्याचा षड्ज स्थिर हवा. तो वर-खाली हेलकावत होता. सरासरी बरोबर होती, प्रत्येक फेरा मात्र वेगळा होता. एकसारखी चूक असेल तर गाणे थोडे चढते, पण स्वरांमधली अंतरे शाबूत राहतात. हेलकावा ती अंतरेच मोडतो. हलकी प्लास्टिकची थाळी, ढिला आस आणि चिमुकली मोटर यांना सुई बदलून काय फरक पडणार?

गेल्या शतकात यंत्रे बनवणाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न सोडवला. १९५४ च्या गॅरार्ड ३०१ मध्ये जड थाळी आणि दणकट मोटर आली. १९६१ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी पट्ट्यावर फिरणारी आणि स्प्रिंगवर तरंगणारी थाळी साध्या माणसाला परवडेल अशा किमतीत दिली. १९७० मध्ये टेक्निक्सने मोटर थेट थाळीखाली बसवली. कार्ट्रिज सुटे करता येणारे दांडे आले, मागे सरकवायचे वजन आले. आज आपण ज्याला अपग्रेड म्हणतो, ते शक्य झाले कारण कार्ट्रिजच्या दोन स्क्रूंमधले अंतर कंपन्यांनी एकसारखे ठेवले, अर्धा इंच. माझ्या पेटीत यातले काहीच नव्हते. दांडा प्लास्टिकचा, वजन ठरलेले, कार्ट्रिज चिकटवलेले.

तरीही हात धजावत नव्हता. सहा हजार हे माझ्यासाठी थोडे पैसे नाहीत आणि चालती वस्तू टाकणे आमच्या घरात गुन्हा मानला जातो. दिवाळीत मिरजेला गेलो, तेव्हा सतारमेकर गल्लीत एका ओळखीच्या चाचांकडे बसलो होतो. ते एका सतारीची जवारी घासत होते. मी सगळी हकिकत सांगितली. चाचांनी मान वर न करताच विचारले, "जवारी बिघडलीय की दांडी वाकलीय?" मग म्हणाले, "जवारी काय, दर वर्षी काढतो. दांडी वाकली तर त्यावर किती पण चांगली जवारी काढा, पडदे खोटंच बोलणार."

माझे उत्तर तिथेच मिळाले. सुई म्हणजे जवारी. ती झिजणारच आणि वेळेवर बदलावीच लागणार. थाळी, मोटर आणि दांडा म्हणजे सतारीची दांडी. ज्याची दांडी सरळ आहे, त्याने खुशाल सुई आणि कार्ट्रिज सुधारावे, नवीन यंत्र घेऊ नये. ज्याच्या यंत्रात वजन लावता येत नाही, कार्ट्रिज सुटत नाही आणि सूर हलतो, त्याने त्यावर पैसे लावू नयेत.

मी चार महिने पैसे साठवले आणि एक वापरलेला पण दणकट टर्नटेबल घेतला. तीन वेग, वेग कमी-जास्त करायची पट्टी, मागे वजन आणि सुटणारे हेडशेल. हेडशेल दोन ठेवली, एकात एलपीची सुई, दुसऱ्यात ७८ ची. वेगाची पट्टीही गरजेची, कारण जुन्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८ वर मुद्रित झालेल्या नसत. जुनी पेटी फेकली नाही, पण तिच्यावर आता काही वाजवत नाही. तिने एक काम केले, मुकी ट्रंक उघडायला लावली. त्याबद्दल तिचे उपकार आहेत.

हे सगळे एवढ्या तपशिलाने लिहिण्याचे कारण वेगळे आहे. महाराष्ट्राच्या संगीतात मुसलमान कलावंतांचा वाटा किती, यावर आपण भाषणे देतो, लेख लिहितो. पण तो वाटा आपल्याच घरातल्या ट्रंकांमध्ये, माळ्यांवर, जुन्या बाजाराच्या फूटपाथवर पडून आहे. नामवंतांच्या गाण्याच्या प्रती इतरत्र सापडतील. एखाद्या गावच्या कव्वालाची किंवा शाहिराची तबकडी कदाचित एकच उरली असेल. ती ऐकण्याच्या हौसेपायी तीच पुसून टाकायची, ही चूक मी केली आहे. म्हणून हात जोडून सांगतो, ७८ ची तबकडी हाती आली तर आधी सुई तपासा. शक्य तर एकदाच नीट वाजवून तिचे डिजिटल मुद्रण करून ठेवा आणि मग मूळ तबकडी उभी करून जपा.

रमजान ईदला अम्मी आली. झिंझोटी लावली. वेगाची पट्टी मी थोडी खाली घेतली, मग थोडी वर. ती डोळे मिटून बसली होती. एका जागी तिने हात वर करून मला थांबवले, "हां, यहाँ रख." मधल्या भागात, जिथे मी तीन वर्षे चुकीची सुई घासली, तिथे आवाज फाटतो. तो आता कोणत्याही यंत्राने जुळणार नाही. अम्मीने तो ऐकला, पण काही बोलली नाही. तबकडी संपल्यावर मी ती उचलून कागदी पाकिटात ठेवली. दुसऱ्यांदा लावली नाही.